कारिन गेल्यानंतरचं सिंगापूर

परत येऊन चार महिने होऊन गेले, तरी आमच्या साताऱ्यात लोक विचारायचे थांबत नाहीत. "काय शैलाताई, सिंगापूर कसं वाटलं? फार स्वच्छ आहे म्हणे!" आहे बाबांनो, स्वच्छ आहे. रस्त्यावर कोणी पिंक टाकत नाही, बस वेळेवर येते आणि नळाचं पाणी न उकळता पिता येतं. पण यातलं काहीही बघायला मी गेले नव्हते. ज्यांनी सिंगापूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी लिहायचं, तर मला माझंच सिंगापूर लिहिता येईल. ते नऊ दिवसांचं आहे आणि त्यात फोटोंत दिसतो तो पाणी उडवणारा सिंहाचा पुतळा नाही.

माझा धाकटा भाऊ समीर तिथे चौदा वर्षं आहे. त्याची बायको कारिन स्वीडनची. गेल्या श्रावणात तिथल्या काही मराठी मंडळींनी एक बोट ठरवली आणि जवळच्या इंडोनेशियातल्या एका बेटावर दिवसाची सहल काढली. बेटाच्या वाळूत मंगळागौरीचे खेळ खेळायचे, त्याचं शूटिंग करायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेत. परतताना वादळ आलं आणि बोट कलंडली. सहलीला बत्तीस माणसं होती, त्यातली एकतीस वाचली. कारिन सापडली नाही. आणि त्या बत्तिसांत खऱ्या अर्थाने पोहता येणारी ती एकटीच होती.

आता पुढचंही लगेच सांगून टाकते, मनात ठेवून लिहिणं मला जमायचं नाही. कारिनने या खेळांसाठी शिवलेली नऊवारी मागवली होती. हल्ली मिळते तसली, पायात चढवली की झालं. ती दर रविवारी मला व्हिडिओ कॉल करायची, तशाच एका रविवारी तिने मोठ्या हौसेने ती मला दाखवली. मी म्हटलं, "हा पायजमा आहे. नेसायची तर खरी नऊवारी नेस, नाहीतर सरळ ड्रेस घाल. अर्धवट सोंगं मला आवडत नाहीत." मी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलाय, हा आवाज मला आपोआप लागतो. तिने निमूटपणे "बरं, ताई" म्हटलं. मी कुरियरने हिरवी इरकली नऊवारी पाठवली आणि तीन रविवार तिला नेसायला शिकवलं. गाठ अशी आवळायला लावली की फुगडीत हलता कामा नये. तिसऱ्या रविवारी तिने कॅमेऱ्यासमोर चार उड्या मारून दाखवल्या, तेव्हा मी म्हटलं होतं, "शाब्बास! आता बैल लावून ओढली तरी सुटायची नाही."

बातमी आली त्याच दिवशी मी समीरला फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला: नऊवारी अंगावर होती का? तो म्हणाला, "नाही गं ताई, तिने बेटावर कपडे बदलले होते. तू तो विचार मनात आणू नकोस." मी नाही आणला. सोयीचं असलं की माणूस लगेच विश्वास ठेवतो. पुढे तीन आठवड्यांनी, शोध थांबल्यावर, त्याचा पुन्हा फोन आला. "कारिनची आई येतेय. तिला एकच विचारायचंय, माझी मुलगी बुडाली कशी? मला एकट्याला जमणार नाही. तू ये."

बिशान

पाच वर्षं कारिन मला बिशानच्या या घरी बोलवत होती आणि दर वेळी मी काहीतरी कारण काढत होते. कधी गुडघे, कधी पेन्शनचं काम, कधी उन्हाळा. खरं कारण एवढंच, की भावाने परदेशी मुलगी केली याचा राग मला धड धरता येत नव्हता आणि सोडताही येत नव्हता. शेवटी गेले ते असं.

बिशान म्हणजे आपल्याकडच्या कॉलन्यांसारखं, फक्त उंच. एकसारख्या इमारती, खाली शाळेची मुलं आणि स्टेशनकडे भराभर चालणारी माणसं. इमारतीचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. तिथे एका बाजूला म्हातारे पटावर काहीतरी खेळत बसतात आणि दुसऱ्या बाजूला मांडव घालून कुणाचं लग्न किंवा कुणाचं मयत होतं. मी गेले तेव्हा चिनी लोकांचा सातवा महिना चालू होता, आपल्या पितृपक्षासारखा. पत्र्याच्या डब्यात कागदी नोटा, कागदी शर्ट, कागदी चपला जाळतात, मेलेल्यांना वर पोचावं म्हणून. समोरच्या फ्लॅटमधल्या लिम आंटी मला लिफ्टजवळ भेटल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "आय टेल हर, सेव्हन्थ मंथ कमिंग, डोन्ट गो वॉटर. शी लाफ ओन्ली." मी आमच्याकडच्या असल्या समजुतींना आयुष्यभर हसत आले. त्या दिवशी काही हसू आलं नाही.

घरात कारिन सगळीकडे होती. फ्रिजवर तिच्या पोहण्याचं वेळापत्रक, रोज सकाळी साडेसहा. स्वयंपाकघरात लाटणं, पण त्याला सगळीकडून खाचा. तिच्या गावाकडे पातळ भाकरी करतात त्याचं ते लाटणं. त्यानेच ती पुरणपोळ्या लाटायची, म्हणून तिच्या पोळ्यांवर देवीचे व्रण आल्यासारखे खड्डे असायचे. मी एकदा तसं बोललेही होते.

तिचं आयुष्य मी त्या घरात वस्तूंवरून वाचलं, हे लिहायला लाज वाटते. स्वीडनच्या उत्तरेला एका तळ्याकाठी वाढलेली, वडील लाकडाच्या गिरणीत, आई गावोगाव फिरणारी नर्स. पाणी शुद्ध करायच्या यंत्रांचं शिक्षण घेतलं, तिकडच्या लांबलचक हिवाळ्याला कंटाळली आणि सत्ताविसाव्या वर्षी एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, सिंगापूरला आली. समीर त्याच ऑफिसात. कपाटात तिच्या मराठीच्या चार वह्या निघाल्या. एका पानावर माझ्याविषयी लिहिलेलं होतं: 'ताई रागावते तेव्हा ती काळजी करते.' मी वही मिटली. मी रागावते तेव्हा रागावतेच, हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं.

त्याच कपाटात ती शिवलेली नऊवारी होती, किमतीचं लेबलही न काढलेली.

यिशुन

दुसऱ्या दिवशी समीर ऑफिसला गेला. घरी बसवत नाही म्हणाला. मी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, यिशुनला पल्लवीकडे गेले. पल्लवी पुण्याची, आयटीतली. कारिनची ती जवळची मैत्रीण, आणि त्या बोटीवर होती. स्टेशनवर घ्यायला ती आठ वर्षांच्या मुलीला, ईराला, घेऊन आली. दोघी मला आधी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, घेऊन गेल्या. टेबलावर कागदी रुमालांचं एक पाकीट पडलेलं होतं, मी ते बाजूला सारून बसले तर पल्लवीने घाईने मला उठवलं. ते पाकीट म्हणजे जागा धरलेली! आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, अगदी तसंच. फरक इतकाच, की इथे त्यावरून भांडण होत नाही.

मुळ्याचा केक म्हणून काहीतरी परतून आलं, त्याला ते गाजराचा केक म्हणतात आणि त्यात गाजर नसतं. अंडं नको म्हणून ते दोनदा परत पाठवावं लागलं. कॉफी मात्र दाट, गोड आटीव दुधाचा गोळा तळाशी. मी ढवळत राहिले आणि विचारलं, "पल्लवी, कारिनने कपडे बदलले होते ना बेटावर?"

पल्लवीने समीरचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. "हो ताई, बदलले होते. तुम्ही तो विचार मनात आणू नका."

ईराने तोंडातला घास न गिळताच मान वर केली. "नो मा, आंटी कारिन नेव्हर चेंज. नो टाइम लाह, रेन कमिंग ऑलरेडी. शी होल्डिंग द ग्रीन वन लाइक धिस." आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचा फ्रॉक गुडघ्यांवर धरून दाखवला.

पल्लवी रडायला लागली. मग सगळं सांगितलं. आभाळ भरून आलं म्हणून बोटवाल्याने घाई केली. शिवलेल्या नऊवारी घातलेल्या सगळ्या जणी किनाऱ्यावरच झाडाआड एका झटक्यात कपडे बदलून मोकळ्या झाल्या. कारिनला म्हणाल्या, तुझं सोडायला वेळ लागेल, तशीच चल. बोटीत पाणी यायला लागलं तेव्हा कारिन बाकांखालची जॅकेट काढून एकेकाच्या गळ्यात घालत होती. समीरला तिनेच घातलं, ईराला तिनेच घातलं. पल्लवीने तिला एक देऊ केलं, तर मराठीत म्हणाली, "आधी त्यांना दे. मला पोहता येतं."

"तिच्या अंगावर काय आहे ते त्या गडबडीत तिच्या ध्यानातच नव्हतं, ताई," पल्लवी म्हणाली. "आमच्याही नव्हतं. बोट उलटली, एकदा ती वर आलेली दिसली, मग नाही दिसली. सगळ्यांनी ठरवलं की तुम्हाला हे सांगायचं नाही. व्हिडिओही ग्रुपवरून काढून टाकलेत."

किती समजूतदार माणसं! एकतीस जणांनी मिळून माझी काळजी घेतली होती. परत येताना गाडी चुकीच्या दिशेची पकडली आणि कुठल्या कुठे जाऊन पोचले, ते एका शाळकरी मुलीने सांगितलं तेव्हा कळलं.

पूर्वेचा किनारा

ब्रिटबाई तिसऱ्या दिवशी आल्या. कारिनची आई. सत्तरीची, उंच, केस पुरुषासारखे कापलेले, पाठीवर एक पिशवी. मी मनात ठरवून ठेवलं होतं की त्या रडतील आणि मी त्यांना जवळ घेईन. त्या रडल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन दाबला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही रविवारच्या शैला." कारिन त्यांना दर आठवड्याला मेसेजमध्ये माझ्याविषयी दोन ओळी लिहायची म्हणे.

आपल्याकडे असा प्रसंग असला की घर भरून जातं, कोणी पिठलं-भात आणतं, कोणी दहा वेळा तीच हकिकत ऐकतं. ब्रिटबाईंना ते काही नको होतं. त्यांना समुद्र पाहायचा होता. तिघं पूर्वेच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे समुद्राला क्षितिज म्हणून नाहीच. जिथवर नजर जाईल तिथवर मालवाहू जहाजं उभी, नंबराची वाट बघत. मागे सायकलवर पोरं, कबाबांचा वास. ब्रिटबाईंनी चपला काढल्या आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. वळून म्हणाल्या, "गरम आहे." एवढंच. जरा वेळाने पुन्हा म्हणाल्या, "ती पाच वर्षांची असल्यापासून मी तिला बर्फ वितळलेल्या तळ्यात टाकत आले. आणि ती या गरम पाण्यात बुडाली?"

मी समीरकडे पाहिलं. तो जहाजं मोजत असल्यासारखा लांब बघत होता.

संध्याकाळी जेवताना त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. समीरने पोलिसांना भरून दिलेल्या फॉर्मची नक्कल होती. हरवलेल्या व्यक्तीच्या अंगावरचे कपडे, या ओळीपुढे त्याने लिहिलं होतं: भारतीय ड्रेस, हिरवा.

"कसला ड्रेस?" ब्रिटबाईंनी त्याला विचारलं.

"साधाच," समीर म्हणाला. "लांब."

त्यांनी मान डोलावली आणि वरणभात संपवला. त्यांच्याकडे ताटात काही टाकत नाहीत, आपल्यासारखंच. मी मात्र त्या दिवशी टाकलं.

सेरंगून रोड

दोन दिवस मी गप्प राहिले. या दोन दिवसांत मी त्यांना बागा दाखवल्या, ऑर्किडं दाखवली, डोक्याएवढ्या फुलांची नावं वाचून दाखवली. शिक्षिकेला हे छान जमतं, विचारलेलं सोडून बाकी सगळं सांगणं. सहाव्या दिवशी सकाळी समीर ऑफिसला गेल्यावर त्या चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"शैला, पोहणारी बाई साध्या ड्रेसमध्ये बुडत नाही. मी नर्स होते. तो मुलगा माझ्याकडे बघत नाही. तुम्ही बघता आणि मग नजर वळवता."

मी सांगितलं. साडी होती. साधी नाही, नऊवारी, पायांमधून मागे खोचलेली, कमरेला गाठ मारलेली. त्यांना शब्दांनी कळेना. सहावारी त्यांनी माझ्या अंगावर पाहिली होती. ती तर वाऱ्यानेही सुटेल, म्हणाल्या. "मला ती दाखवा. माझ्या अंगावर दाखवा."

घरात नेसायची नऊवारी नव्हती. जी होती ती समुद्रात होती. मग आम्ही दोघी म्हाताऱ्या लिटल इंडियाला गेलो. सेरंगून रोडवर उतरलं की मोगऱ्याचे गजरे, तमिळ गाणी, केळीची पानं, आणि मला पहिल्यांदा त्या देशात घाम आपला वाटला. तमिळ ब्राह्मण बायकाही लग्नकार्यात नऊवारीच नेसतात, त्यामुळे साडी पहिल्याच दुकानात मिळाली. दुकानदारबाईंनी ब्रिटबाईंच्या खांद्यावर पदर टाकून पाहिला, खूश झाल्या. "वेडिंग, आह? डॉटर मॅरींग इंडियन?"

"येस," ब्रिटबाई म्हणाल्या. "माय डॉटर."

दुकानदारबाईंनी आनंदाने गजरा फुकट दिला.

घरी आल्यावर हॉलमध्ये पडदे ओढून मी त्यांना नेसवली. आत त्यांनी कारिनची पोहायची चड्डी घातली होती. मी गाठ मारली, तीही कारिनला शिकवली तशीच, आवळून. निऱ्या घातल्या, काष्टा मागे खोचला, पदर कमरेला खोचून पिन लावली. माझे हात सवयीने चालत होते आणि त्या हातांचंच मला भय वाटत होतं. झाल्यावर त्या आरशात न बघता घड्याळासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आता मी सोडते. तुम्ही हात लावायचा नाही."

त्यांनी पदर ओढला, पिन अडकली. मागे हात नेऊन काष्टा शोधला, तो सापडला पण निघेना, कारण वरून गाठ आवळलेली. गाठीशी आल्या तर निऱ्यांचा बोळा मध्ये. त्यांचे नर्सचे हात, जखमा बांधून सोडवण्यात आयुष्य गेलेले. एकदा त्या पाय फाकवून लाथ मारल्यासारखं करून पाहू लागल्या आणि तोल जाऊन सोफ्यावर बसल्या. मी पुढे झाले तर ओरडल्या, "नाही!" शेवटी सगळं कापड पायांशी पडलं तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती. कोरड्या जमिनीवर, डोळे उघडे ठेवून.

त्या धापा टाकत होत्या. मग उठून आतल्या खोलीत गेल्या आणि कारिनच्या कपाटातून ती शिवलेली घेऊन आल्या. बहुतेक आल्या दिवसापासून त्यांनी ती पाहून ठेवली होती. ती पायात चढवली, कमरेला हूक लावला, घड्याळ पाहिलं आणि काढली. दहा सेकंदंही लागली नाहीत.

"ही तिच्याकडे होती," त्या म्हणाल्या. "लेबलसकट. मग ही का नाही घातली?"

समीर संध्याकाळी यायचा होता. पल्लवी सांगणार नव्हती. व्हिडिओ पुसलेले होते. मी म्हटलं असतं की तिला जुन्या पद्धतीची हौस होती, तर ते खोटंही ठरलं नसतं, कारण हौस होतीच.

"मी घालू दिली नाही," मी म्हटलं. "ती हीच घालणार होती. मी तिला हसले. ती दुसरी मी पाठवली आणि ती गाठ मी शिकवली."

ब्रिटबाईंनी शिवलेल्या नऊवारीची घडी घातली. मग जमिनीवरची नऊ वार साडी उचलली, तिची दोन टोकं धरली, आणि एक टोक मला धरायला दिलं. दोघींनी मिळून घडी घातली.

संध्याकाळी समीरला कळलं. तो माझ्यावर कधी ओरडत नाही, तेव्हाही ओरडला नाही. म्हणाला, "ताई, कारिनच्या आईला कळून काय मिळालं? तुला बोलून मोकळं व्हायचं होतं, म्हणून तू बोललीस." तो चुकीचं बोलत होता असं मला अजूनही म्हणता येत नाही.

चांगी

उरलेले दिवस आम्ही तिघं एकाच टेबलावर जेवलो. ब्रिटबाई मीठ मागायच्या, मी द्यायचे, त्या आभार मानायच्या. त्यांच्या देशात प्रत्येक गोष्टीला आभार मानतात. आपल्याकडे घरातल्या माणसाचे कोणी मानत नाही, म्हणून मला ते प्रत्येक वेळी चपराकीसारखं लागायचं.

चांगी विमानतळावर त्यांनी समीरला मिठी मारली. ज्याने फॉर्मवर 'भारतीय ड्रेस' लिहिला त्याला घट्ट मिठी, पाठीवरून हात. तो लहान मुलासारखा रडला. मी बाजूला त्यांची पिशवी धरून उभी होते. मला राग आला हे लिहायलाच हवं. आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही अगदी हेच केलं असतं, हेही लिहायला हवं.

पिशवी देताना मी म्हटलं, "मी पत्र लिहिलं तर चालेल?"

त्या साडीच्या दिवसानंतर त्यांनी प्रथमच सरळ माझ्याकडे पाहिलं. "लिहा," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं दर रविवारी ती तुमच्याशी बोलायची, माझ्याशी नाही. ती काय बोलायची ते सगळं लिहा. एकही रविवार सोडू नका. पण मी उत्तर देणार नाही."

मी दर रविवारी लिहिते. ज्या वेळेला तिचा फोन यायचा, त्याच वेळेला बसते. कधी तिने विचारलेला शब्द आठवतो, कधी तिने सांगितलेली तळ्याची गोष्ट, कधी नुसतं मी तिला काय काय बोलले तेवढंच आठवतं. तेही लिहिते. सोळा पत्रं गेली आहेत. इंग्रजीत लिहायचं म्हणजे मला वेळ लागतो, आणि आठवणी संपत आल्या तर पुढे काय लिहायचं याची मला भीती वाटते.